वरणाचं पाणी

माझ्या मुलीला जेवायला किती वेळ लागतो, हे पाहुण्यांना मी आधीच सांगून टाकत असे. म्हणजे पुढचे प्रश्न टळायचे. तिला जन्मापासून मानेवर आणि जिभेवर ताबा कमी. चावता येत नाही, बोलता येत नाही. गिळता येतं, पण घास बरोबर जमलेला हवा. पातळ झाला तर ठसका लागतो. दाणा राहिला तर तोंडात फिरत राहतो आणि शेवटी बाहेर येतो.

नांदेडला असताना मी हे सगळं मार्गी लावलं होतं. भिंतीच्या कोपऱ्यात बसवायचं, पाठीला लोड, हनुवटी किंचित खाली. चमचा लहान, आणि तो समोरून यायला हवा, वरून नाही. पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. घास म्हणजे तुरीच्या वरणात एकजीव केलेला मऊ भात आणि वर तूप. सहा वर्षांची होईपर्यंत ती त्यावर छान वाढली.

मग लातूर वेगळा जिल्हा झाला. नव्या कचेऱ्यांना माणसं हवी होती, त्यात ह्यांची बदली झाली. सामानाची यादी मी केली होती, त्यामुळे वाटेत काही हरवलं नाही.

आम्ही पोचलो ते दुष्काळात. नळ कधी येईल याचा भरवसा नव्हता. गल्लीत सगळ्यांची एकच रीत होती. नळाचं पाणी पिण्यापुरतं झाकून ठेवायचं. स्वयंपाक, भांडी, आंघोळी बोअरच्या पाण्यावर. मला ही रीत पटली. पिंपं वेगळी केली, तांबे वेगळे केले, आणि घर लागलं.

पोरगी मात्र जेवेना.

पहिला घास घ्यायची, जिभेने बाहेर ढकलायची आणि ओठ मिटून घ्यायची. घट्ट. रव्याची खीर खायची, केळं कुस्करून दिलं तर खायची, पण वरणभात दिसला की मान फिरवायची. शेजारीण म्हणाली, नव्या घराला बुजली असेल. ह्यांनी म्हटलं, हट्ट करते. दृष्ट काढून झाली. हळूहळू तिच्या दंडाचं हाड माझ्या बोटांना लागायला लागलं.

मी वरण बोटांत चिमटून पाहिलं. डाळ शिजली होती, पण मोडली नव्हती. प्रत्येक दाण्याचा कण हाताला लागत होता. आम्हा मोठ्यांना काही वाटलं नव्हतं, आमटीत दाणा लागतोच. तिच्या जिभेला मात्र तो वाळूसारखा असणार. मी शिट्ट्या वाढवल्या. डाळ रात्रभर भिजवली. सोडा घातला, तर त्या वासानेच तिने तोंड फिरवलं. गाळणीतून घासून काढली, तेव्हा खाली आलं ते नुसतं पिवळं पाणी. त्याचा तिला असा ठसका लागला की मी पुन्हा त्या वाटेला गेले नाही.

मग मी डाळीच्या दुकानात गेले. लातुरात डाळीच्या गिरण्या जागोजागी. दुकानदार गल्ल्यावर बसल्या बसल्याच दुखावला.

"बाई, आमची डाळ मुंबईला जातीय. आजवर कुणाची तक्रार न्हाई."

"मुंबईत शिजत असेल. माझ्या घरी शिजत नाही."

"मग कुकर बदला की!"

कुकर नांदेडचाच होता. तरी मी त्याचं रबर बदललं.

एवढ्यात नांदेडहून सासूबाई आल्या. ह्यांच्या कचेरीतला एकजण नांदेडला गेला होता, त्याच्याकडून त्यांना कळलं असावं. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात गोदावरीच्या पाण्याचा मोठा कॅन. रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय त्या चहाही घेत नसत, आणि परगावचं पाणी त्यांना लिंगावर चालत नसे. दारातूनच त्यांनी नातीकडे पाहिलं.

"डाळीच्या गावात आणून पोरीला उपाशी ठेवली व्हय रे!" हे त्यांनी मुलाला सुनावलं. मग माझ्याकडे वळल्या. "हिला मी नांदेडला नेते. तुम्ही दोघं ऱ्हावा हितं, नोकरी करा."

"थोडे दिवस थांबा, आत्याबाई. मी शोधून काढते."

"काय शोधतीस? पोरीच्या अंगावर मास न्हाई ऱ्हायलं. रविवारी मी निघणार, अन् तिला घेऊन निघणार."

हे आईशेजारी जाऊन बसले. त्यांचा कल कुठे आहे ते मला कळलं. एकदा ती नांदेडला गेली की ते महिन्याभरासाठी नसणार, हेही कळत होतं. बदली किती वर्षांची, कुणालाच माहीत नव्हतं. आणि सासूबाईंचा हात वरून यायचा, चमचा मोठा असायचा. माया होती, पण घाईची.

मी पुन्हा मुळापासून विचार केला. कुकर तोच, तांदूळ तोच. नांदेडहून आणलेल्या डब्यात तळाला दोन मुठी डाळ उरली होती. त्यातली एक मूठ शिजवली. तीही मोडली नाही. म्हणजे दुकानदार निर्दोष सुटला. आता बदललेलं एकच उरलं होतं, आणि नांदेडचं पाणी घरात फक्त एका ठिकाणी होतं.

"आत्याबाई, तुमच्या कॅनमधलं दोन तांबे पाणी द्या."

"कशाला?"

"डाळ शिजवायला."

"पूजेचं पाणी कुकरात घालतीस? डोकं ठिकाणावर हाय का तुझं?"

"नातीच्याच पोटात जाणार आहे."

"अन् पूजेला काय घेऊ? तुमचं ते खारं बोअरचं?"

"नळ आला की पहिली कळशी तुमची."

त्यांनी कॅन जवळ ओढला, झाकण उघडलं, पुन्हा लावलं. मग नातीकडे पाहिलं.

"एक तांब्या देते. दोन न्हाई."

उरलेली एक मूठ डाळ त्या पाण्यात टाकली. कुकर उघडला तेव्हा दाणा दिसत नव्हता. पळी फिरवली आणि सगळं लोण्यासारखं एक झालं. भात कालवला, तूप सोडलं, कोपऱ्यात बसवलं. पहिला घास तिने जिभेवर धरला, थांबली, गिळला. दुसऱ्या घासाला माझा चमचा वाटीतच होता आणि तिचं तोंड उघडलेलं होतं. वाटी संपली. मी उठून दुसरी आणली.

सासूबाई मांडी घालून समोर बसल्या होत्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता.

"बघ! मी काय म्हणत होते? पोरीला नांदेडचंच पाणी मानवतंय. आता तर नेल्याबिगर ऱ्हात न्हाई."

हे मला अपेक्षित नव्हतं. माझाच पुरावा माझ्यावर उलटला होता. पण त्याचं उत्तरही त्याच वाटीत होतं.

"नांदेडचं नाही, मऊ पाणी मानवतंय. बोअरच्या जड पाण्यात डाळ मोडत नाही. नळाचंही मऊ असेल. पिंपात प्यायपुरतंच उरलंय, रविवारपर्यंत नळाची वाट बघा."

शनिवारी नळ आला. कबूल केल्याप्रमाणे पहिली कळशी सासूबाईंना दिली. बाकीचं सगळं पाणी मुलीच्या वरणासाठी झाकून ठेवलं. आम्ही दोघं बोअरचं पाणी उकळून प्यायचं, असं मी जाहीर केलं. ह्यांनी पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवला.

"हे माणसाने प्यायचं पाणी आहे का?"

"पी गप," सासूबाई म्हणाल्या. "पोरगी इतके दिवस ह्याच पाण्यातलं वरण नको म्हणून सांगत होती. तुला अन् तिच्या आईला कळलं का?"

आम्हा दोघांना मिळून एकच फटका होता, आणि तो बरोबर बसला. घरात पाण्यातला बदल सगळ्यांत आधी तिने ओळखला होता. तिच्याजवळ सांगायला फक्त ओठ होते, ते तिने मिटले. त्या दिवसापासून आमच्या घरात तिच्या मिटल्या ओठांना कुणी हट्ट म्हटलं नाही. ओठ मिटले की चमचा खाली, आणि मग वाटीत काय आहे ते बघायचं. आजही हीच शिस्त आहे.

नळाच्या पाण्यात डाळ मोडली. गोदावरीच्या पाण्यातल्याइतकी नाही, पण पुरेशी. रविवारी सासूबाई निघाल्या नाहीत. "बघू तर खरं," म्हणत आणखी आठवडाभर राहिल्या. कसं बसवायचं, चमचा कसा धरायचा, हे मी त्यांना दाखवलं. "मला काय शिकवतीस, तुझ्या नवऱ्याला मीच वाढवलंय," असं म्हणत त्यांनी ते शिकूनही घेतलं. एका दुपारी मी ओट्याशी उभी राहून पाहत होते. नातीने अर्ध्या वाटीवर ओठ मिटले. सासूबाईंनी चमचा खाली ठेवला, तिचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "बास का? बरं, बास."

त्या संध्याकाळी त्यांनी पिशवी भरायला घेतली. मुलाला म्हणाल्या, "सकाळची नांदेडची गाडी किती वाजता हाय बघ."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. जपून विचारलं, "दोन जागा धरायच्या का, माय?"

"एकट्या म्हातारीला दोन जागा कशाला?" त्या म्हणाल्या.