परग्रहवासी, दोन मामा आणि माझे कान

हसणार नसाल तर सांगतो. बघा, आत्ताच दात दिसायला लागले! आधी चहा घ्या, मग हसा. माणसानं माती खावी, माझी ना नाही. पण भर मांडवात, माइक चालू असताना खाऊ नये. मी खाल्ली.

तुम्हाला माहीतच आहे, दिवसभर मी फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसाचे बोर्ड करतो आणि उरलेल्या वेळात कॉमिक्स काढतो. माझा सुपरहिरो तुफानराव. डोक्याला फेटा, खांद्यावर शेला, पायात कोल्हापुरी चप्पल. उडताना चप्पल करकर वाजते, त्यामुळं शत्रूला आधीच कळतं की हा आला. पण करणार काय? अनवाणी हिरो कोल्हापूरचा वाटत नाही हो!

नव्या गोष्टीत राजकन्येचं शाही लग्न होतं. हत्ती, तुतारी, पंगती, सगळा थाट. अक्षता पडणार एवढ्यात आभाळातून दोन यानं उतरतात. एकातून हिरवे परग्रहवासी, दुसऱ्यातून निळे. मांडवातच त्यांची जुंपते. तुफानराव येतो, दोघांना ठोसे हाणतो, ते पळतात, लग्न लागतं. काय वाईट आहे सांगा?

पुण्याच्या एका संपादक बाईंना पाठवलं. त्यांचा फोन आला.

"चित्रं छान आहेत. पण हे परग्रहवासी भांडतात कशावरून?"

"जुनं वैर हाय बाई त्यांचं."

"हो, पण कशावरून? आणि भांडायला एवढ्या लांबून लग्नात कशाला येतील? मला पटत नाही. पटणारं कारण द्या, लगेच छापू."

आता मी कसा आहे ते तुम्ही ओळखता. एकदा डोक्यात घेतलं की जेवण गोड लागत नाही. कारण शोधायचं म्हणजे शोधायचं!

त्याच आठवड्यात सायलीचं लग्न होतं. सायली म्हणजे माझ्या काकांची पोरगी. नवरा पुण्याचा. आणि ह्या लग्नात खरी अडचण होती मामांची. आपल्याकडं नवरीला बोहल्यावर आणायचं ते मामानं, आणि मंगलाष्टका संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं तेही मामानंच. काकूला भाऊ दोन. थोरला शाहूवाडीकडं शेती करतो, धाकट्याचं जयसिंगपुरात दुकान. विहिरीवरच्या मोटरीवरून दोघांचं जे बोलणं बंद झालं, ते कित्येक वर्षं बंदच.

सायलीनं मात्र घरात सांगून टाकलं होतं, "दोन्ही मामा पाठीशी उभं राहिलं तरच मी बोहल्यावर चढणार. न्हाईतर लग्न ऱ्हायलं." काकूनं दोन्ही घरचे उंबरे झिजवले, रडली, हाता-पाया पडली. शेवटी ठरलं की थोरला उजवीकडं, धाकटा डावीकडं. बोलायची जबरदस्ती नाही, नुसतं उभं राहायचं.

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मान! हिरवा आणि निळा, दोघंही राजकन्येचे मामा! पाठीशी कोण उभा राहणार यावरून भांडण! अहो, याच्यासाठी माणूस दुसऱ्या आकाशगंगेतून येईल की!

आता फक्त चिडलेला मामा नेमका काय बोलतो, काय करतो, एवढंच हवं होतं. आणि लग्नादिवशी मंगल कार्यालयात दोन-दोन मामा हजर. चित्रांचा पॅड घेऊन निघालो. अभ्यास करायला!

थोरला मामा फेटा बांधून घेत बसला होता.

"मामा, एक विचारू?"

"इचार की."

"समजा, ऐनवेळी सायलीच्या पाठीमागं तुमच्या जागी दुसराच उभा राहिला, तर तुम्ही काय कराल?"

फेट्यातून मामाचं डोकं गर्रकन वळलं. "दुसरा कोण?"

"तुमचा जुना वैरीच समजा."

"आणि हे कुणी ठरवलं?"

"तसं मीच. पण पुण्याच्या बाईंना अजून पटलेलं न्हाई. त्या हो म्हणाल्या की फायनल."

मामा लाल झाला. मी म्हटलं, वा, काय रंग आहे! आणि मन लावून नाकपुड्या काढायला घेतल्या. माझ्यासाठी पुण्याच्या बाई म्हणजे संपादक. मामासाठी पुण्याच्या बाई म्हणजे नवऱ्या मुलाची आई. पण हे मला तेव्हा कळलं असतं, तर तुम्हाला आज हा किस्सा मिळाला असता का?

तिथनं थेट धाकट्या मामाकडं. तो बाहेर गाडीपाशी पान लावत होता. त्यालाही तोच प्रश्न.

"माझ्या जागी दुसरा?" पान खाली पडलं. "मांडवाचा खांब उपटून काढीन!"

"एक नंबर! कुठल्या हातानं उपटाल? डाव्या का उजव्या?"

"दोन्ही!"

मी खूश. कोपऱ्यात खुर्ची टाकली आणि हिरव्याच्या हातात खांब दिला.

तिकडं नवऱ्या मुलाची आई बिचारी उप्पीट खात होती. थोरला मामा पुढ्यात जाऊन उभा. "आमचा मान काढणाऱ्या तुम्ही कोण वो?" त्यांचा चमचा हवेतच राहिला. "अहो, मी फक्त साखर मागितली!" म्हणाल्या. थोरला मामा फेटा सावरत बाहेर निघाला आणि दारातच आत येणाऱ्या धाकट्याला धडकला.

एवढ्यात भटजींनी माइकवरून पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." कोण येतंय? परत पुकारलं. उत्तर आलं ते दारातून.

"माझी जागा घेतोस व्हय रं?"

"मी? तूच घेतलीस की! लाज वाटती का जरा?"

"मी परत चाललो! माझी गाडी काढा!"

"तू कशाला जातोस? मीच जातो!"

थोरल्यानं बोट रोखून हात उगारला आणि काकू मटकन खाली बसली. "माझ्या लेकीचं लग्न मोडलं गं बाई!" म्हणून तिनं पदर डोळ्याला लावला. वाजंत्रीवाले थांबले. मुहूर्त डोक्यावर. अशा वेळी शहाण्या माणसानं काय करावं? पाणी आणावं, हात जोडावेत. मी काय केलं? पॅड घेऊन पळत पुढं गेलो, भटजींच्या शेजारी उभा राहिलो आणि ओरडलो, "मामा, हात तसाच वर ठेवा! बोटं काढायची राहिल्यात!"

माइक चालू. सगळ्या कार्यालयात माझी बोटं घुमली.

थोरल्यानं माझ्याकडं बोट केलं, तेच बोट. "मला ह्यानंच सांगितलं."

"मलापण ह्यानंच!" धाकटा म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मग दोघांनी माझ्याकडं बघितलं. आणि काय सांगू, इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघं एकदिलानं एका कामाला लागले. मी पुढं, मामा मागं. पंगतीच्या टेबलांमधनं, केटररच्या पातेल्यांवरनं, मी तुफानरावासारखा उडालो. चप्पलपण करकर वाजत होती, त्यामुळं कुठं लपलो तरी सापडत होतो.

"थांबा!"

सायली. शालू, मुंडावळ्या आणि कमरेवर हात. "दोन्ही मामा हिकडं या. थोरला मामा उजवीकडं, धाकटा डावीकडं. ठरलंय ते ठरलंय. मी आज लग्न करणार म्हंजे करणार."

"आणि हे कार्टं?" थोरल्यानं विचारलं. धाप लागली होती त्याला.

"त्याला मधी उभा करा. दोघांनी एकेक कान धरा. मंगलाष्टका संपेपर्यंत सोडायचा न्हाई."

सोडला नाही. "सावधान" म्हटलं की पिळायचे. मंगलाष्टका एवढ्या असतात हे मला त्या दिवशी कळलं. पण खरं सांगू? चौथ्या की पाचव्याला धाकटा माझ्या डोक्यावरून हळूच म्हणाला, "दादा, हात दुखत असला तर बदलू." थोरला म्हणाला, "ऱ्हाऊ दे रं, मजा यायलीया." काकूनं ते ऐकलं आणि परत रडली. ह्या खेपेला हसत हसत.

घरी आलो, कानाला हळद लावली आणि ठाण मांडून बसलो. गोष्ट पूर्ण केल्याशिवाय उठायचं नाही! जसं घडलं तसं काढलं. हिरवा मामा, निळा मामा, कमरेवर हात ठेवलेली राजकन्या आणि दोघांत आग लावणारा एक अर्धवट चित्रकार. तुफानरावाला ठोसे मारायचं कामच उरलं नाही, म्हणून त्याला पंगतीत वाढायला लावलं.

बाईंचा फोन आला. "फारच सुंदर! मानाचं कारण पटलं, मामा पटले, राजकन्या तर अप्रतिम. फक्त तो चित्रकार काढून टाका. भर लग्नात असले प्रश्न विचारत हिंडणारा इतका मूर्ख माणूस असतो का कुठं? वाचकांना खोटं वाटेल."

मीही जिद्दीचा. म्हटलं, चित्रकार राहणार म्हणजे राहणार! लग्नातला फोटो पाठवून दिला. पुढं सायली, मागं दोन मामा, मधी मी, दोन्ही कान ताणलेले.

पाच मिनिटांत परत फोन. बाईंना हसू आवरत नव्हतं.

"ठेवा, ठेवा चित्रकार," म्हणाल्या. "चेहरा बघितल्यावर लगेच पटलं."