दहा माणसांचा वर्ग

हजेरीपटात अगदी उजवीकडे 'शेरा' नावाचा एक बारीक रकाना असतो. गैरहजर माणसाच्या नावापुढे तिथे कारण लिहायचं. ड्युटी, पाहुणे, गावाला, एवढंच त्यात मावतं. आमच्या वर्गातली कारणं मात्र तेवढ्यात मावत नाहीत. म्हणून मी ती पानाच्या मागे पेन्सिलीने लिहिते. हळूहळू कारणांबरोबर बाकीचंही लिहायला लागले. आता पुढच्या बाजूपेक्षा मागची बाजूच जास्त भरलेली आहे.

लकडगंजच्या मागे आमची वस्ती आहे. तिथल्या समाजभवनाच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी दोन ते चार शाळा राहून गेलेल्या मोठ्या माणसांचा लेखनवर्ग चालतो. फी नाही. शिकवतात आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षिका. त्यांना सगळे मॅडमच म्हणतात. हजेरी, फोन, खडू आणि सतरंज्या माझ्याकडे. मी नववीत आहे आणि मला कुणाला नाही म्हणता येत नाही. मॅडमनी मला बहुतेक त्यासाठीच निवडलं.

हॉल देताना समाजभवनाचे अध्यक्ष म्हणाले होते, "घ्या, पण दहाच्या खाली माणसं गेली तं हॉल परत. लेडीज झुंबावाले कधीचे मागून राहिले."

वर्गात नावं अकरा. म्हणजे एका रविवारी एकाच माणसाला आजारी पडायची परवानगी. तेव्हापासून रविवारी मला जेवण जात नाही. दीडपासून मी दारात उभी राहून चपला मोजते.

*

फोन करणं हे सगळ्यात अवघड काम. समोरचा काय बोलेल ते आधी कळत नाही. म्हणून मी सगळं कागदावर लिहून घेतलं आणि पहिला फोन सदाभाऊंना लावला. ते हिंगण्याच्या कारखान्यात कामाला आहेत. आवाज मोठा, मिशी त्याहून मोठी.

मी वाचायला सुरुवात केली. "नमस्कार सदाभाऊ. मी लेखनवर्गातून बोलते आहे. आपण रविवारी येणार ना? उत्तराची वाट पाहणे."

शेवटचं वाक्य कंसात होतं. ते माझ्यासाठी होतं. पण ते वाचून झालं होतं.

पलीकडून मग सदाभाऊ म्हणाले, "पाह्य बेटा, पाह्य. मी बी पाहून राहिलो."

*

देवाजी काकांनी तीस वर्षं हातमाग चालवला. आता ते गांधीबागेत एका कापडाच्या दुकानात घड्या घालतात. त्यांचं अक्षर वर्गात सगळ्यात सुंदर. अडचण एकच. ते दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. 'मीसकाळीदुकानातगेलोआणिझाडूमारला' अशी त्यांची ओळ वहीच्या या काठापासून त्या काठापर्यंत सलग जाते.

मॅडमनी चार रविवार समजावलं. शेवटी विचारलं, "देवाजी, जागा सोडायला तुमचं काय जातं?"

"मॅडम, जागा सोडली की धागा तुटल्यावानी दिसते. मले ते पाहवत नाही."

"अहो, पण वाचणाऱ्याने श्वास कुठे घ्यायचा?"

देवाजी काकांनी वहीकडे नीट पाहिलं. "त्याले जिथे दम लागन तिथे घेईन नं तो. आपण काहून सांगावं?"

*

एकदा मॅडम उशिरा येणार होत्या. वह्या तपासून ठेव म्हणाल्या. माझ्या हातात लाल पेन पहिल्यांदाच आलं होतं. सदाभाऊंनी लिहिलं होतं, 'मले भाकर आवडते. मले पोळी आवडत नाही. मले कोणी विचारत नाही.' शाळेत आमचे सर करतात तसं मी तिन्ही ठिकाणी 'मले' खोडून वर 'मला' लिहिलं.

सदाभाऊंनी वही उघडली आणि हॉलभर आवाज घुमला. "हे कोनं लिहिलं?"

मी हात वर केला.

"मी आयुष्यात कधी 'मला' म्हनलो काय?"

"नाही."

"मंग बेटा, माझ्या वहीत माझ्या नावावर खोटं काहून लिहिलं?"

तेवढ्यात मॅडम आल्या. मला वाटलं, आता त्या माझी बाजू घेतील. त्यांनी वही पाहिली आणि सदाभाऊंना म्हणाल्या, "अर्जात 'मला' लिहायचं. स्वतःबद्दल लिहाल तेव्हा 'मले' चालेल." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पेन दे."

ते लाल पेन मला परत मिळालेलं नाही.

*

शेवंताबाई एका मोठ्या सोसायटीत चार घरी स्वयंपाक करतात. गेटवर रजिस्टर असतं. सहा वर्षं तिथला वॉचमन त्यांच्यासाठी एकच शब्द लिहायचा. 'बाई.' वर्गात आल्या तेव्हा त्यांनी हे हसत सांगितलं होतं, पण दुसऱ्या कुणाला हसू दिलं नव्हतं.

तीन महिन्यांनी त्यांनी वॉचमनच्या हातून पेन काढून घेतलं. स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, मग गाव, मग तालुका. त्यांच्या मागे दूधवाला, पेपरवाला आणि एक डॉक्टरीणबाई खोळंबल्या.

वॉचमन म्हणाला, "काहून वं, आधार कार्ड काढून राहिली काय?"

"थांब गा. सहा वर्षं तू लिहिलं. आता मी लिहून राहिली."

त्या दिवशी पहिल्या घरचा डबा वेळेवर झाला नाही. मी घाबरून विचारलं, "मग मालकीणबाई रागावल्या असतील ना?"

"रागावल्या तं. नाव घेऊन रागावल्या."

*

मग तो रविवार आला. उमरेडला एका नात्यातल्या मुलीचा साखरपुडा होता आणि वर्गातल्या दोघी तिकडे गेल्या. दोन वाजता मॅडमच्या सोडून चपला नऊ जोड. सदाभाऊंची दुपारची पाळी लागली होती, ते येणार नाहीत हे मला माहीत होतं. आणि त्या नऊतला एक जोड माझाच आहे हे मला सव्वादोनला कळलं. म्हणजे माणसं आठ.

तेवढ्यात सदाभाऊ कंपनीच्या निळ्या कपड्यांत धावत आले. चौकात कंपनीची बस उभी होती, हॉर्न वाजत होता. त्यांनी हजेरीपटावर सही केली आणि मला विचारलं, "झाले दहा?"

"नऊ."

"मंग आणखी एक करू काय?" ते खरंच पुन्हा वाकले. मॅडमनी हजेरीपट ओढून घेतला.

"सदाभाऊ, सही म्हणजे हजेरी नव्हे." बस निघून गेल्यावर त्यांनी ती सहीही खोडली आणि माझ्याकडून आकडा लिहून घेतला. आठ. मी तो इतका बारीक लिहिला की दिसतच नव्हता. मॅडमनी तो पुन्हा लिहायला लावला.

*

पुढच्या रविवारी अकराच्या अकरा जण हजर होते. पण अध्यक्षही आले. त्यांनी हजेरीपट चाळला आणि त्या आठावर बोट ठेवलं.

"नियम तं नियम. पुढच्या रविवारपासून हॉल बंद."

सगळे एकदम बोलायला लागले. अध्यक्षांनी हात वर केला. "तोंडी मी ऐकत नाही. काही म्हनायचं असन तं लेखी अर्ज द्या."

आमच्या वर्गाला तोवर एकच अर्ज शिकवून झाला होता. मूल आजारी असलं की शाळेला द्यायचा, रजेचा. मॅडम फळ्याकडे वळल्या, तशा शेवंताबाई म्हणाल्या, "राहू द्या मॅडम. आमी लिहितो." मॅडमनी खडू खाली ठेवला. मला वाटलं, संपलं सगळं.

अर्ध्या तासाने शेवंताबाईंनी कागद दिला. बाकीचे दहा जण मागे उभे राहिले. अध्यक्ष मोठ्याने वाचू लागले.

"विषय, सुट्टी न मिळण्याबाबत."

ते थांबले. चष्मा लावला.

"महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज करते की मला ताप नाही. माझ्या मुलाला गोवर नाही. घरी लग्न नाही. गावी कोणी वारलं नाही. तरी मला दर रविवारी दोन ते चार सुट्टी देऊ नये ही नम्र विनंती. आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी, शेवंता."

अध्यक्षांनी कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं. त्यांनी मॅडमना हळूच विचारलं, "याच्यावर मंजूर लिहिलं तं सुट्टी भेटते का नाही भेटत?"

"नाही भेटत," मॅडम म्हणाल्या.

अध्यक्षांनी मग खिशातून पेन काढलं, कागद भिंतीला टेकवला आणि कोपऱ्यात 'मं' लिहिलं. तिथे पेन थांबलं. पुढे सरकेना.

शेवंताबाई जवळ गेल्या आणि फक्त त्यांना आणि शेजारी उभ्या मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या,

"'ज'ले दुसरा उकार, साहेब."