चातुर्मासातला लसूण

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, अर्धं माहीत आहे, आणि त्या अर्ध्यावरच आमचा संसार चाललाय. तुमची-माझी ओळख नाही. कदाचित म्हणूनच तुमच्यापुढे जीभ उचलेल — बघू, जमतंय का.

अकोल्यात आमचं घर जुन्या वस्तीत आहे. कधीकाळी ते एकच लांबट घर होतं, मग मधे भिंत घालून त्याची दोन झाली. अलीकडे आम्ही, पलीकडे शमीमआपा. आपा एकट्या राहायच्या आणि गोधड्या शिवायच्या. त्यांच्या खोलीची एकुलती एक खिडकी आमच्या अंगणात उघडायची, त्यामुळे दिवसातून दहा वेळा आमचं बोलणं व्हायचं. सासूबाई ओसरीवर बसून आमच्यावर कान ठेवायच्या, ते वेगळंच.

भिंतीबद्दल एक गोष्ट आत्ताच सांगते, नाहीतर पुढे टाळेन. आमच्या मागच्या खोलीला लागूनच आपांची खोली, आणि तिथे ती भिंत वर पत्र्याला भिडलेली नव्हती. वर हातभर मोकळं होतं, आणि तिथे चिमण्यांचं घरटं होतं. हे मला माहीत होतं. रोज दिसायचं.

हे डाळमिलमध्ये दिवाणजी आहेत. त्या वर्षी तुरीची डाळ इतकी महाग झाली होती की आपा म्हणायच्या, "आता वरणात डाळ शोधा लागते, सुमन." मग एका संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली — व्यापाऱ्यांनी तुरीचा किती साठा ठेवायचा यावर सरकारनं मर्यादा घातली, जास्तीचा माल सापडला तर कारवाई, सामान्यांना डाळ स्वस्तात मिळणार. आपांनी खिडकीतून ऐकलं आणि खूश झाल्या. "चला, आता वरण घट्ट होईन!" माझे मात्र कान ह्यांच्या फोनकडे होते. फोन मालकाचा होता. हे नुसतं "हो, हो" म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी टेम्पो आला. तुरीनं भरलेले कट्टे आमच्या मागच्या खोलीत रचले, जमिनीपासून छातीपर्यंत. तपासणीचं पथक येऊन जाईपर्यंत राहू दे, हे म्हणाले. मी नाही म्हणू शकले असते का? वीस वर्षं ह्यांनी त्या मालकाचं मीठ खाल्लं होतं, आणि या वयात दुसरीकडे कोण ठेवतं? पण खरं सांगू, नाही म्हणावं असं माझ्या मनातही आलं नाही.

तुरीला सोंडे लागले होते. त्या कट्ट्यांजवळ उभं राहिलं की आतून बारीक सरसर ऐकू यायची, जणू खोलीभर कोणी हळूच कागद चुरगळतंय. तीन दिवसांनी मिलचा माणूस किडे मारायच्या गोळ्या घेऊन आला. त्यांचा वायू होतो, तो नाकात जाऊ द्यायचा नाही, खोली चार दिवस उघडायची नाही — एवढं त्यानं बजावलं. ह्यांनी दाराच्या फटींना खळ लावून वर्तमानपत्रं चिकटवली. मी खळीची वाटी धरून शेजारी उभी होते.

आणि दार ओढून घेण्याआधी मी वर पाहिलं होतं. त्या हातभर मोकळ्या जागेकडे. एकदाच. मला कळलं नाही असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय. पण न कळणारा माणूस वर कशाला पाहील?

बोलले असते तर आपांना सांगावं लागलं असतं की खोलीत काय आहे. आपांच्या पोटात काही राहायचं नाही. त्यांनी ते प्रेमानं, हसत हसत, साऱ्या गल्लीला सांगितलं असतं. मी खळीची वाटी धुवायला घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंगणात धुणं वाळत घालत होते. हवा दमट, कपडे वाळेनात. बराच वेळ काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं — चिमण्या ओरडत नव्हत्या. मागच्या दाराच्या पायरीशी एक पाल पोट वर करून पडली होती, तिच्या जरा पुढे आणखी एक. आतली सरसरही बंद झाली होती. सगळीकडे इतकं शांत, की माझ्या बांगड्यांचा आवाज मलाच मोठा वाटला. मी झाडूनं पाली सुपलीत घेतल्या आणि बाहेर नेऊन टाकल्या.

तेवढ्यात खिडकीतून आपांचा आवाज आला. हळू, खट्याळ. "काहून वो सुमन, चोरून लसूण खाऊन राहिली का?"

आमच्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण घरात येत नाही. सासूबाईंचा नेम कडक. माझे मात्र ते चार महिने फार हाल होतात, हे आपांना ठाऊक होतं. दरवर्षी त्या मला चिडवायच्या, कधीमधी खिडकीतून एखादा लसणाचा ठेचा सरकवायच्या. त्या गोळ्यांच्या वायूला लसणासारखा वास येतो, हे मिलच्या माणसानं आम्हाला सांगितलं होतं. म्हणजे आपांच्या खोलीत काय पोचलं होतं, हे मला त्या क्षणी समजलं.

एवढंच म्हणायचं होतं — आपा, बाहेर या. तीन शब्द.

मी हसले. म्हणाले, "राहवलं नाही हो आपा. दिली फोडणी."

त्याही हसल्या. मग कुजबुजल्या, "तुझ्या सासूले वास जाईन ना बाई! थांब, मी खिडकी लावून घेते."

आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. माझं पाप झाकायला. आतून कडी सरकवल्याचा आवाज मी ऐकला. ओल्या लुगड्याचं टोक माझ्या हातात होतं, ते मी दोरीवर नीट पसरलं. मला भीती वाटत होती, खूप वाटत होती, आणि तरी मी लुगड्याच्या सुरकुत्या काढत राहिले. माणूस असं कसं करू शकतो? मी केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची सून नसरीन डबा घेऊन आली. ती दोन गल्ल्या सोडून राहायची आणि रोज सकाळ-संध्याकाळ सासूसाठी स्वयंपाक करून आणायची. दार आतून लावलेलं. लोकांनी ते तोडलं. आपा अर्धवट शुद्धीत होत्या, उलट्यांनी अंथरूण भरलेलं, श्वास पुरत नव्हता. मी रिक्षात त्यांचं डोकं मांडीवर घेऊन दवाखान्यात गेले. मीच गेले. शेजारधर्म.

डॉक्टर तरुण होता, हुशार होता. त्यानं वाकून वास घेतला आणि सरळ मलाच विचारलं, "घरात धान्याला गोळ्या वगैरे लावल्या होत्या का? तोंडाला लसणासारखा वास येतोय."

नसरीन माझ्या शेजारी उभी होती.

मी म्हणाले, "नाही हो. रात्रीच्या डब्यात लसणाची भाजी होती."

नसरीन म्हणाली, "हो, अंबाडीची. लसूण टाकला होता मी." बिचारी मदत करत होती. डॉक्टरला खरं सांगावं म्हणून सांगत होती.

आपा दुपारी गेल्या. डॉक्टरला खरं कळलं असतं तर त्या वाचल्या असत्या? मला माहीत नाही. हा प्रश्न मी स्वतःला विचारते तेव्हा मला त्यातून सुटायचं असतं, म्हणून तो इथेच सोडते.

डब्यातलं बाधलं, असं ठरलं. घरच्यांनी चिरफाड करू दिली नाही. आधी दबक्या आवाजात, मग उघड, नसरीनचं नाव झालं. सासूशी तिचं पटत नव्हतं म्हणे. खोटं! चांगलं पटायचं, मला दोन्ही बाजूंचं ऐकू यायचं. नवऱ्यानं तिला अमरावतीला माहेरी धाडलं. पंधरा दिवसांनी साठ्याची मर्यादा सैल केल्याची बातमी आली आणि कट्टे जसे आले तसे गेले. मागची खोली मी झाडली. कोपऱ्यात राखेसारखी पांढरी भुकटी होती, आणि घरट्यात — जाऊ द्या.

तेव्हापासून चातुर्मास आला की दुपारच्या वेळी अंगणात वास येतो. माझ्या मनाचे खेळ असतील, असं मी धरून चालले होते. पण गेल्या वर्षी सासूबाई ओसरीवरून ओरडल्या, "कोण लसूण सोलून राहिलं वो?" त्यांना आता धड दिसत नाही, ऐकू येत नाही. मी म्हणाले, कोणी नाही. पलीकडची खिडकी बंदच असते. ते घर अजून कोणी भाड्यानं घेतलेलं नाही. तरी त्या आठवड्यात एका सकाळी त्या खिडकीखाली एक पाल सापडली, पोट वर केलेली. पाली मरतात, मला कळतं. पण मी तिला हात लावू शकले नाही.

दोन वर्षांनी नसरीन परत आली. नवऱ्यानं घरात घेतलं, पण तिच्या हातचं तो खात नाही. पोरंही आत्याकडे जेवतात. गल्लीत कोणाकडे मयत झाली, लग्न निघालं, तर बायका तिला भांडी घासायला बोलावतात, चुलीजवळ येऊ देत नाहीत. तिला वाटतं मी तिची आहे. त्या दिवशी सगळे तिच्यावर तुटून पडले तेव्हा एकटी मी गप्प होते, म्हणून.

परवा ईदला ती शीरखुर्म्याची वाटी घेऊन आली. दारातच उभी राहिली. मी हात पुढे केला, तर तिनं वाटी दिली नाही. आधी त्यातला एक चमचा स्वतः खाल्ला. गिळला. माझ्याकडे बघत जरा वेळ थांबली — आपल्याला काही होत नाही हे मला दिसावं म्हणून. मी काही मागितलं नव्हतं. तिला आता तशी सवयच लागली आहे. मग वाटी माझ्या हातात दिली.

मी तिच्यासमोर सगळं खाल्लं.

"काकू," ती म्हणाली, "तुमीच एक माह्या हातचं खाता." डोळे पुसले, वाटी घेतली आणि गेली.

मी तेव्हाही तिला काही सांगितलं नाही.