‘पाहिले’ अशी सही

बाळांनो,

गेल्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर तुम्ही सहज बोलून गेलात की आई ऑफिसच्या जिन्यात चक्कर येऊन पडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंगला गेली. तेवढ्यात तिनं तुमच्या हातातून फोन घेतला. मी विचारलं, तर म्हणाली, “काही नाही गं, बरी आहे.” तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. माझे गुडघे मला तुमच्यापर्यंत आणू शकत नाहीत. म्हणून लिहिते आहे, आणि आईला नाही, तुम्हाला लिहिते आहे. का, ते पुढे कळेल.

मी सोलापुरात एका मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होते. शाळेत सूचना वही असते. मुख्याध्यापकांनी सूचना लिहायची, शिपाईमामांनी ती वर्गावर्गात फिरवायची आणि प्रत्येक शिक्षिकेनं वाचून सही करायची. मला ही पद्धत फार आवडायची. आरडाओरडा नाही, “मला कुणी सांगितलंच नाही” ही सबब नाही. तुमचे आजोबा तेव्हा मंगळवेढ्याला बँकेत होते, सकाळच्या एसटीनं जात. मला सातला शाळेत पोचायचं असे. नळाला चौथ्या दिवशी पाणी. मग मी घरातही सूचना वही सुरू केली. पाणी कुणी भरायचं, किल्ली कुणाकडे, कुकरच्या शिट्ट्या किती, सगळं त्यात. तुमच्या आईलाही मी बजावलं होतं, “सकाळी माझ्यामागे बोलत फिरू नकोस. काय हवं ते वहीत लिही.” ती लिहायची. मी निघताना खाली ‘पाहिले’ लिहून सही करायची.

या वहीचं मला कौतुक ऐकायला मिळे. अकलूजला मुख्याध्यापकांचं शिबिर होतं, तिथं ‘घर आणि शाळा’ या विषयावर मला बोलायला बोलावलं. मी वही सोबत नेली होती. लोकांनी हातात घेऊन पाहिली.

तुमची आई माझ्याच शाळेत नववीत होती. शाळेची वार्षिक तपासणी आली होती. त्या आठवड्यात मी रोज शिक्षिकांच्या पाठांच्या टाचणवह्या ढिगानं तपासत होते, सह्या करत होते. तपासणीच्या दिवशी ती शाळेत आली नव्हती हेही मला दुपारी कळलं. तपासणीचे साहेब समोर बसलेले असताना शिपाईमामा दोनदा दाराशी येऊन उभे राहिले आणि दोन्ही वेळा मी हातानंच त्यांना ‘नंतर’ म्हटलं.

घरी आले तर कुलूप. आमच्या भिंतीला लागून टॉवेलचे माग होते. तिथल्या कामगारानं सांगितलं म्हणून इस्पितळात गेले. माग चालवणाऱ्या अक्का तिथल्या व्हरांड्यात भेटल्या. त्यांच्या साडीला सुताचे तंतू तसेच चिकटलेले होते.

“या मॅडम. झाली का तपासणी? किती मार्क पडले?”

मी विचारलं, तिला काय झालंय.

“पोरगी नळापाशी पडली होती. पानी वाहून आमच्या दारात आलं म्हनून कळलं. शाळेत दोनदा फोन केला की! मामा म्हन्ले, साहेब बसलेत. मग मीच रिक्षात घातली.” आणि मग आवाज खाली आणून, “आता रडू नका. डॉक्टर काय विचारतेत ते सांगा.”

अपेंडिक्स फुटलं होतं. डॉक्टर माझ्यावर चिडले. “तीन दिवस दुखत असणार. हिनं कुणाला सांगितलं कसं नाही?”

कॉटवरून तुमची आई म्हणाली, “सांगितलं होतं. आईनं सही केलीय.”

त्यात तक्रार नव्हती. मी घरी जाऊन वही उघडली. सोमवार: पोटात दुखतंय. मंगळवार: जास्त दुखतंय, ताप आहे. बुधवार: आज पाणी भरायला दुसरं कुणी आहे का? तिन्हींच्या खाली माझं अक्षर, ‘पाहिले’.

अकरा दिवस ती इस्पितळात होती. पहिले चार दिवस डॉक्टर माझ्याकडे न बघता बोलत. मी वही बंबात घातली. रजा घेतली, नंतरही घंटा झाली की घरी येऊ लागले, शाळेचं काम शाळेतच ठेवायला शिकले. शाळेचं काही अडलं नाही. पण उशीर झाला होता. मी समोर बसून विचारायची आणि ती म्हणायची, “बरी आहे.” तुम्ही दोघं झालात तेव्हाच्या कळाही तिनं मला सांगितल्या नाहीत.

आता तिच्या हाताखाली साठ माणसं आहेत. त्यांना ती सक्तीनं रजेवर पाठवते, असं तुम्हीच अभिमानानं सांगितलंत. स्वतःचं दुखणं मात्र कुणालाही सांगू नये, हे ती माझ्याकडून शिकली. मी शिकवलेलं मलाच पुसता येत नाही. मी किती विचारलं तरी ती मला उत्तर देणार नाही, म्हणून तुमच्या पाया पडून सांगते, हे काम तुम्ही करा. तुम्ही तिच्या घरात आहात. तिच्या कपाळाला हात लावून बघा. ती ‘बरी आहे’ म्हणाली तर तिथून उठू नका. डॉक्टरकडे तुम्ही घेऊन जा, मीटिंग असली तरी.

माझ्याकडे तिचा दर रविवारचा फोन येतो. बोलणं संपल्यावरही ती थोडा वेळ फोन ठेवत नाही. आमच्यात एवढं अजून शिल्लक आहे.