चूळ धरलेला माणूस

विद्याधर सोमणांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचे दोन्ही गाल फुगलेले होते. शनिवारची सकाळ, नेदरलँड्समधल्या झूटरमेर गावाचं स्केटपार्क, डोक्याला हेल्मेट, गुडघ्यांना पॅड, एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात स्टीलची बाटली, अशा थाटात पन्नाशीचा एक गृहस्थ स्केटबोर्डवर उभा होता. बाटलीवर ठळक देवनागरीत नाव कोरलेलं होतं, म्हणून मी सायकल थांबवली आणि विचारलं, तुम्ही मराठी का? त्यांनी जोरजोरात मान हलवली, बोट वर करून मला थांबायला सांगितलं आणि समोरून सुटलेल्या एका मुलीच्या मागे घरंगळत निघून गेले. परत आल्यावर त्यांनी गवतावर चूळ टाकली आणि म्हणाले, "हो. पुण्याचे. आणि तुम्ही?"

मी ठाण्याची, नुकतीच नोकरीसाठी आलेली, गावात कुणाची ओळख नाही. त्यामुळे पहिली ओळख झाली ती अशी ओल्या मिशांच्या माणसाशी. आठवडाभरात ते माझे विद्याधरदादा झाले आणि मी त्यांची "अगं मेधा" झाले.

आम्ही दोघंही रॉटरडॅमला कामाला जायचो, आधी बस आणि मग मेट्रो. मेट्रो रिकामी असली तरी दादा बसत नसत. या दारापासून त्या दारापर्यंत फेऱ्या मारत बोलायचे, आणि मी मान इकडून तिकडे फिरवत ऐकायची. "बसलं की गंज चढतो," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. घरी फोन आला की ते जेवणाच्या टेबलाभोवती गोल गोल फिरत बोलत. अश्विनीवहिनी म्हणत की लाकडी जमिनीवर चर पडलाय, घर सोडताना मालक विचारेल तेव्हा काय सांगायचं ते यांनीच ठरवावं.

या चळवळ्या माणसाची मुलगी म्हणजे इरा. सतरा वर्षांची, काटकुळी, कमी बोलणारी. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत नाहीतर डचमध्ये. लहानपणी जुन्या वस्तूंच्या दुकानातून दादांनीच तिला पहिला बोर्ड आणून दिला होता. पुढे ती आपले व्हिडिओ सोशल मीडियावर टाकायला लागली. आता, स्केटिंगचं चित्रीकरण कठड्याला टेकून करता येत नाही. खेळणाऱ्याच्या मागून, तितक्याच वेगाने, मोबाइल जमिनीलगत धरून जावं लागतं. बाकीचे वडील कॉफी पीत बसले असताना दादा बोर्डवर चढायला शिकले. इतके आपटले, की फॅमिली डॉक्टर त्यांना दारातच पॅरासिटामॉल घ्या म्हणून सांगायचा. पण सरळ रस्त्यावर ते मुलीच्या मागे नीट जाऊ लागले, आणि शनिवार सकाळ ही बापलेकीची झाली.

मग ती चूळ कशाला? तर तिची हकीकत मी येण्याच्या आधीची. इराने एका उंच उतारावरून उडी घेतली, सुंदर उतरली, आणि तो व्हिडिओ कुठच्या कुठे पसरला. पण त्यात चाकांच्या खरखरीवर चढून दादांचा आवाज होता, "अगं सांभाळ, हळू, हळू, पाय बघ!" मुलगी उतारावर गेली की आपल्याकडचा बाप दुसरं काय म्हणणार? लोकांना तो आवाज भारी आवडला. त्यांनी तो उचलून आपल्या व्हिडिओंना जोडला. स्टुलावरून घसरणारी मांजरं, सायकलवरून पडणारे आजोबा, सगळ्यांच्या मागे विद्याधर सोमण ओरडत होते. इरा दोन दिवस हसली. मग शाळेच्या जिन्यात मुलं तिच्या मागून "सांबाल, सांबाल" म्हणायला लागली, आणि तिने बापाला सांगितलं की उद्यापासून येऊ नकोस.

पुढे मी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचे व्हिडिओ जुळवून द्यायला लागले, तेव्हा चुळीऐवजी दुसरा काही उपाय निघेल का म्हणून दादा माझ्याकडे आले. माझ्या घरातही त्यांच्या फेऱ्या चालूच होत्या. मी सुचवलं की आवाज काढून टाकू, वर गाणं टाकू, नाहीतर दुसऱ्या व्हिडिओतल्या चाकांचा आवाज जोडू. इराला विचारलं तर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला परीक्षेत कॉपी करायला सांगितलं होतं. प्रत्येक जमिनीवर चाक वेगळं वाजतं, खेळणाऱ्यांना ते लगेच ओळखू येतं, आणि गाणं टाकलं की मुलगी खरंच उतरली की दोन प्रयत्न जोडले, असा संशय येतो. तिच्या जगात उतरताना जमिनीला बोट टेकलं तरी ती उडी धरत नाहीत. तिथे खोटा आवाज म्हणजे संपलंच.

दादांना हे फार पटलं. त्यांचा स्वतःचाही तोच खाक्या होता. मागे एका गणेशोत्सवात मंडळाचे अध्यक्ष सभागृहाच्या पायरीवरून सोवळ्यासकट घसरले, ते दादांच्या कॅमेऱ्यात आलं होतं. तेवढं काढा म्हणून वरून निरोप आला. दादांनी काढलं नाही. "पडलेलं कापायचं नाही," ते म्हणाले, "नाहीतर उठलेलं कोणाला दिसणार?" पुढच्या वर्षी मंडळाने चित्रीकरण दुसऱ्याकडे दिलं.

तर आवाज काढता येत नाही आणि तोंड आवरता येत नाही, ही त्यांची गोची मी येण्याच्या आधीपासूनचीच होती. गप्प राहायचं त्यांनी प्रामाणिकपणे करून पाहिलं होतं, पण इराचा पाय बोर्डवरून सुटला की "सांभाळ" आपोआप बाहेर पडायचं. शेवटी त्यांनी चूळ भरली. तोंडात पाणी असताना माणूस ओरडू शकत नाही, हा त्यांचा शोध. इराने एकदा डोळे फिरवले आणि म्हणाली, "ओके बाबा. बट नो टॉकिंग." त्यांना शनिवार परत मिळाला. मला ते एकदा बसस्टॉपवर येरझारा घालता घालता म्हणाले होते, "अगं, वर्षभराने ही शिकायला बाहेर जाईल. तोवर जवळ उभं राहू देते ना, मग मी तोंडात दगडसुद्धा धरीन." एवढं बोलून ते पुढचा स्टॉप गाठायला चालत निघाले, मी त्यांच्या मागे, आणि बस दोन स्टॉपांच्या मधेच आम्हाला ओलांडून निघून गेली.

त्या उन्हाळ्यात इराला वाचनालयासमोरच्या पायऱ्यांनी पछाडलं होतं. वरून वेगाने यायचं, बोर्डसकट सगळ्या पायऱ्या ओलांडायच्या आणि खाली चाकांवर उतरायचं. दर शनिवारी ती पडायची, पुन्हा वर जायची, पुन्हा पडायची. वारा दिशा बदलत राहायचा, मोबाइलची बॅटरी संपायची, वाचनालयात येणाऱ्यांना थांबवून ठेवायचं काम माझ्याकडे. दादा चूळ टाकायचे, नवीन भरायचे. मला बघवत नसे, पण घरीही बसवत नसे.

सप्टेंबरमधल्या एका शनिवारी ती उडाली आणि बोर्ड हवेतच निसटला. ती उजव्या मनगटावर आली. हाड मोडल्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. मी किंचाळले असणार. दादा किंचाळले नाहीत. मोबाइल तसाच चालू, गाल फुगलेले, आणि ते तिच्याकडे धावत होते.

हॉस्पिटलमध्ये प्लास्टर घालायला वेळ होता. दादा खोलीच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत चालत होते. इराने त्यांचा मोबाइल मागितला आणि तो व्हिडिओ लावला. मी तिच्या शेजारी होते, मलाही दिसला. ती पडते तिथपर्यंत चित्र नेहमीसारखं स्थिर. मग ते थरथरायला लागतं. आकाश, कठडा, दादांचे बूट, पुन्हा आकाश. शब्द एकही नाही, फक्त नाकाने घेतलेला श्वास, मोठा, तुटका, रडणाऱ्या माणसाचा. इराने तो पुन्हा लावला. आणखी एकदा लावला. मग तिने बापाकडे पाहिलं.

"पाणी कुठे गेलं?" तिने मराठीत विचारलं.

दादा चालायचे थांबले. "गिळलं," ते म्हणाले. "तू बोलू नको म्हणाली होतीस ना."

त्यांच्यासाठी शेजारची खुर्ची तिने पायाने पुढे ओढली, आणि ते बसले. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहत होते.

प्लास्टरच्या दिवसांत दोघं घरात पिंजऱ्यात घातल्यासारखी फिरत होती. एक टेबलाभोवती, दुसरी जिन्यावर. शेवटी वहिनींनी दोघांनाही बाहेर काढलं. इरा बापाला स्केटपार्कात घेऊन गेली आणि मला बोलावून घेतलं. उताराच्या वरच्या काठाकडे बोट दाखवून ती दादांना म्हणाली, आज तू. सरळ रस्त्यावर ते जात, पण काठावरून खाली कधी आले नव्हते. तिने पुन्हा पुन्हा बजावलं की मागे रेलायचं नाही, सगळा भार पुढे टाकायचा.

त्या दिवशी काय झालं ते कोणालाही पाहता येईल. इरा आता शिकायला दुसऱ्या गावी असते, दादा आणि वहिनी हूफडॉर्पला राहायला गेले आणि माझा मेट्रोचा प्रवास शांत झाला आहे, इतका शांत की मला करमत नाही. पण तिच्या खात्यावर इतक्या देखण्या उड्या असताना सगळ्यात वर पिन केलेला व्हिडिओ तोच आहे. काठावर विद्याधर सोमण उभे आहेत, एक पाय बोर्डवर, आणि एरवी क्षणभर न टिकणारा हा माणूस कितीतरी वेळ हलत नाही. व्हिडिओत एक गोष्ट दिसत नाही, ती मी सांगते. डाव्या हातात मोबाइल सावरत इराने माझ्याकडे ती स्टीलची बाटली मागितली, तोंड भरून पाणी घेतलं आणि गाल फुगवून बापासमोर उभी राहिली.

दादा निघाले आणि अर्थातच मागे रेलले. बोर्ड पुढे, ते पाठीवर. चित्र थरथरायला लागतं. आकाश, कठडा, इराचे बूट. मग एकदम पडद्यावर पाणी उडतं, सगळं धूसर होतं आणि त्या धूसरात तिचा आवाज येतो, "बाबा! लागलं का रे? सांभाळायचं ना!"

आणि खालून कुठूनतरी, धापा टाकत, दादांचा. "लागलं. चालू ठेव. हे कापू नकोस."

तिने कापलं नाही.