झेंडू, टेम्पो आणि माझी क्रांती

आमच्या घरात धाडसी म्हणून अण्णांची ख्याती आहे आणि घाबरट म्हणून आईची.

अण्णांचं, म्हणजे वडिलांचं धाडस असं: गावभर मोबाइल वाजायला लागले, नेमका तेव्हा त्यांनी एसटीडी बूथ टाकला. त्याआधी ससे पाळले. (ससे वाढले, गिऱ्हाईक वाढलं नाही. शेवटी ते शेजाऱ्यांच्या मेथीवर जगले.) आई मखमलाबादच्या मळ्यातली फुलं बाजारात विकायची आणि घर त्यावर चालायचं. तरी नातेवाईक म्हणणार, "अण्णांची हिंमत लय! वहिनींचं आपलं नशीब चांगलं." म्हणजे पुरुषाचा धंदा बुडाला तर हिंमत आणि बाईचा चालला तर नशीब! मी तेव्हा महिला मंडळाची पत्रकं लिहायचे. 'भगिनींनो, जोखीम घ्या!' हे माझंच.

तर दसऱ्याची सकाळ. फुलबाजारात आमच्या जागेवर झेंडूच्या क्रेटची भिंत उभी. आईचा रिवाज ठरलेला. देवळाली कॅम्पातले व्यापारी बाबूशेठ उजाडताच यायचे आणि आधी ठरलेल्या भावाने सगळा माल एकदम उचलायचे. बाकीचे शेतकरी भाव चढायची वाट बघत बसायचे. कधी चढायचा, कधी ढीग रस्त्यावर टाकून घरी जायचे.

"चहा घेऊन येते," आई म्हणाली. "बाबूशेठ आले की माल दे. भाषण देऊ नको."

आई वळली आणि शेजारचे तुकाराम काका सुरू झाले. "बाईमाणूस! भाव दुपारी कडाडणार, अन् ही सकाळीच देऊन मोकळी. काळीजच नाय!"

माझ्या डोक्यात पत्रक पेटलं. तेवढ्यात बाबूशेठ आले. मी क्रेटवर चढले. (खरंच चढले.) "माल मिळणार नाही! बायका घाबरतात हा समज आजपासून बंद!"

"अहो ताई, तुमच्या आईने कबूल केलंय..."

"आईला व्यवस्थेने घाबरवलंय!"

मागे रिकाम्या क्रेटवर बसलेले अण्णा ओरडले, "शाब्बास! पोरगी माझ्यावर गेली!"

आयुष्यात प्रथमच अण्णांना माझं काही पटलं होतं. मी तिथेच खाली उतरायला हवं होतं!

बाबूशेठनी कपाळाला हात लावला आणि ते शेजारी वळले. तुकाराम काकांनी आपला सगळा माल त्यांना देऊन टाकला. त्याच भावाने. सकाळीच. काळीज असलेल्या माणसाने!

आई परतली. "बाबूशेठ?"

"परत पाठवले."

आई क्रेटवर बसली. "अगं, दुपारी टेम्पोवाला यायचाय. त्याचा विसार त्यातूनच द्यायचा होता."

"कसला टेम्पो?"

"मी घेतेय. जुना. माझ्या नावावर."

"चालवणार कोण?" अण्णांचा आवाज चिरकला.

"मीच. माहेरी ट्रॅक्टर काय तुम्ही चालवत होता?"

घाबरट बाई टेम्पो घेणार होती, म्हणून फुलांत जुगार खेळत नव्हती. हे एकाही पत्रकात नव्हतं!

मग सिन्नरकडून झेंडूच्या गाड्या आल्या. मग आणखी आल्या. भाव असा कोसळला की बाजारातल्या गाईसुद्धा निवडून खायला लागल्या.

दुपारी टेम्पोवाला आला. विसार नाही म्हटल्यावर त्याचं तोंड उतरलं. अण्णा छाती काढून म्हणाले, "मी जामीन राहतो!"

त्याने सरळ गाडी सुरू केली.

"दादा, थांबा," आई पुढे झाली. "दिवाळीच्या मालावर देते. माझा शब्द."

इंजिन बंद झालं. "तुमचा शब्द असंल तर काय प्रश्न नाय, ताई. आधी सांगायचं ना!" आणि त्याने किल्ली आईच्या हातात ठेवली.

उरलेला सगळा झेंडू टेम्पोत, टपावर आणि बॉनेटवर चढवला. इतका, की समोरची काच दिसेना. आई चालवतेय आणि मी पुढे पळत "डावीकडे! आई, डावीकडे!" ओरडतेय, अशी आमची मिरवणूक घरी पोहोचली.

गल्ली दारात जमली. "अण्णांनी टेम्पो घेतला! हिंमत लागते बुवा!" अण्णांनी हात जोडून कौतुक स्वीकारलं. (स्वीकारलं!)

माझा संताप अनावर झाला. त्याच संध्याकाळी मी नव्या पत्रकासाठी कागद घेऊन बसले. "आई, खरं सांग, बाईच्या धंद्यातली सगळ्यात मोठी जोखीम कोणती?"

आई काचेला चिकटलेल्या पाकळ्या काढत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"तुला मालापाशी बसवून चहाला जाणं."