कुंदाच्या माश्या

कुंदा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नाहूर स्टेशनबाहेर सायक्लोस्टाईल केलेली पत्रकं वाटत होते. आमच्या नळाला गटाराचं पाणी येतं, याचीच पत्रकं! त्याच पाण्याच्या काविळीने माझी मैत्रीण गेली. चाळीत म्हणाले, नशीब. नशीब कसलं डोंबलाचं!

कुंदा फळमाशीच्या गर्भावर संशोधन करायची. काचेच्या दुधाच्या बाटल्या, तळाशी मक्याच्या पिठाची नि गुळाची घट्ट खीर, तोंडाला कापसाचा बोळा, आत तिळाएवढ्या माश्या. मी डिवचायचे, "देशात काय चाललंय आणि तू माश्या मारत बस!"

"मारत नाही गं, पाळते." मग तीच सुरू व्हायची, "गर्भातल्या सगळ्या पेशींत मजकूर एकच. तू पंख हो, तू पाय हो, हा इशारा काही तासच टिकतो, मग विरतो. तरी पेशी विसरत नाही यार, तिच्या लेकी-नातीसुद्धा नाही. नको ती पानं मिटलेलीच राहतात. कोण ठेवतं मिटून?..." तिच्या माश्यांत ते मिटणं सैल होतं. नराच्या फक्त पुढच्या पायांवर असतो तो राठ केसांचा काळा कंगवा मागच्या पायांवरही उगवायचा.

सुतकातच मी तिच्या प्रयोगशाळेत गेले. बाटल्या धुऊन उपड्या घातलेल्या. "सांभाळणार कोण?" म्हणे. एवढी घाई! उरल्या त्या तिच्या घरच्या दोन. सुट्टीत उपाशी राहतील म्हणून ती आणायची. त्यांतलं अन्न संपत आलं होतं. त्या मेल्या की कुंदाचं काहीच उरणार नव्हतं.

कुंदाच्या आईंनी स्टोव्ह पेटवला, गूळ काढला. शेजारीण दारातूनच म्हणाली, "अहो, सुतकात गोड?"

"माज्या चेडवाची पोरां ती. उपाशी मारू त्यांका?"

खीर निवल्यावर मी कुंदा करायची तसंच केलं. माश्या तळाशी पडाव्यात म्हणून बाटली घडी घातलेल्या फडक्यावर दोनदा ठोकली, बोळा काढला, चटकन नव्या बाटलीवर पालथी घातली. दहा-बारा दिवसांनी नवी पिढी बाहेर आली. मी तिचं भिंग डोळ्याला लावलं.

"आसत काय गो कंगवे?" आई मागून म्हणाल्या.

"आहेत. मागच्या पायांवरपण."

त्यांनी पुन्हा पातेलं काढलं. गूळ भिजत घातला, पुढच्या खेपेसाठी.

हल्ली घरी साखरेची बरणीसुद्धा मी आधी दोनदा ठोकते. आत साखरच असते... तरी झाकण काढताना हात घाई करतो, काही उडून जाऊ नये म्हणून.